वाचकांचे प्रश्न : मॉरिशसच्या डोंगरात एक दिवस

मॉरिशसला निघालेल्या वाचकांच्या पत्रांत एक विचारणा सारखी येते. समुद्र तर रोजच आहे, पण एक दिवस देऊळ, जंगल, धबधबा असं काही बघायचं असेल तर तो आखायचा कसा? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

आधी बेटाचा आकार सांगून ठेवतो. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. हे आकडे वाचले की सगळं एका दिवसात उरकेल असं वाटतं, आणि बेत तिथेच फसतो. मधोमध पठार आहे, वरचे रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत, आणि राजधानी पोर्ट लुईच्या आसपास सकाळ-संध्याकाळ गाड्या तुंबतात. तेव्हा अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. आणि एका दिवसात बेटाची एकच बाजू घ्या.

प्रश्न : आम्ही पाच जण आहोत, त्यात आई-बाबा सत्तरीच्या पुढचे. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाकला आहे. गंगा तलाव, जंगल, धबधबा आणि सात रंगांची माती हे सगळं एका दिवसात, दमछाक न होता होईल का?

होईल. ही सगळी ठिकाणं नैऋत्येला एकाच रस्त्यावर ओळीने येतात. फक्त क्रम वरून खाली ठेवा : आधी पठार, मग शामारेल (धबधबा आणि रंगीत माती तिथेच), शेवटी किनारा. पठारावर ढग आणि सरी दुपारनंतर वाढतात, किनारा मात्र बहुतेक वेळा उघडा असतो. उलटा क्रम लावलात तर दुपारी दोनला दरीच्या कठड्यावर उभे राहाल आणि समोर नुसतं धुकं दिसेल.

सकाळी सातला निघा. व्हाकोआच्या बाजूने वर चढत गेलात की तासाभरात गंगा तलाव येतो. जुनं नाव परी तलाव, नकाशावर ग्रां बासां. समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं हे पाणी आहे. १९७२ मध्ये गोमुखाहून आणलेलं गंगाजल त्यात मिसळलं आणि तेव्हापासून गंगा तलाव हे नाव रूढ झालं. वाटेवर पहिल्यांदा दिसतात त्या प्रचंड मूर्ती. मंगल महादेव ३३ मीटर, म्हणजे १०८ फूट, २००७ मध्ये उभारलेला. समोर तितकीच उंच दुर्गा. पुष्कळ पर्यटक इथे फोटो काढून परत फिरतात, तसं करू नका. तलाव आणि देवळं थोडी पुढे आहेत आणि खरं बघण्यासारखं तिथेच आहे. काठाने पायऱ्या आहेत, पाण्यात उभ्या देवांच्या मूर्ती आहेत, आणि सकाळी आठला पूजेला आलेली स्थानिक कुटुंबं असतात. त्यांच्या पूजेच्या ताटांच्या आणि पाण्याच्या मधे कॅमेरा घेऊन उभं राहू नका, एवढं पथ्य पाळा.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी. चपला काढाव्या लागतात आणि फरशी ओली व गार असते, म्हणून जाड मोजे बरोबर घ्या. मात्र ओल्या पायरीवर मोजे घालून उतरू नका, घसरतात. दुसरं, किनाऱ्यापेक्षा इथे पाच-सहा अंश कमी तापमान असतं आणि वारा असतो. जून ते सप्टेंबरमध्ये स्वेटर लागतोच, डिसेंबरमध्येही पातळ जाकीट असू द्या. माकडांना काही देऊ नका. ही लांब शेपटीची माकडं माणसांनी बाहेरून आणलेली आहेत. हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. प्रसादाची केळी पिशवीत नको, बंद सॅकमध्ये ठेवा.

सव्वानऊला तिथून निघा. दहा मिनिटांत पेत्रिनचा तिठा येतो. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाचं हे वरचं प्रवेशद्वार. उद्यान १९९४ मध्ये स्थापन झालं, क्षेत्रफळ साधारण ६,५०० हेक्टर, प्रवेश मोफत. माहिती केंद्राजवळ स्वच्छतागृह आहे, त्याचा उपयोग करून घ्या. पुढच्या दोन थांब्यांवर सोय बेताचीच आहे. इथून फळ्यांची छोटी पायवाट निघते. तिच्यावर वीस मिनिटं हळू चाला. उंच झाडं नाहीत, खुरटी झुडपं आहेत, केवड्याच्या कुळातली झाडं आहेत. बेटावरचं चांगल्या अवस्थेतलं मूळचं जंगल आता दोन टक्क्यांहून कमी उरलं आहे, आणि ते कसं दिसत असे याचा एक तुकडा तुमच्या पायाशी असतो. त्याच्याच शेजारी दाट, सरळसोट, गुळगुळीत तपकिरी खोडांची भिंत दिसेल. ते चिनी पेरू. ब्राझीलहून आलेलं हे झाड इथे इतकं माजलं आहे की त्याच्या सावलीत मूळच्या झाडाचं रोप तग धरत नाही. मार्च ते जूनमध्ये त्याला बोराएवढी लाल, आंबट-गोड फळं येतात, लोक टोपल्या भरभरून नेतात. माकडं आणि रानडुकरंही ती खातात आणि बिया जंगलभर पसरवतात.

पुढे अलेक्झांड्रा धबधबा आणि मग गॉर्जेसचा, म्हणजे दरीचा कठडा. धबधब्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, तो लांबून दिसतो. धबधब्यासमोरच्या कठड्यावरून दक्षिणेचा किनारा दिसतो, ती खरी कमाई. गॉर्जेसच्या कठड्याला मात्र अर्धा तास द्या, आणि दरीकडे बघताना नजर खाली ठेवा. लांब पांढऱ्या शेपटीचा, एरवी समुद्रावरचा पक्षी इथे हिरव्या दरीच्या पोटात तरंगत असतो. स्थानिक लोक त्याला पाय-आं-क म्हणतात. आपण वर, पक्षी खाली, त्यामुळे त्याची पाठ आणि शेपटीचे दोन्ही पिसारे नीट दिसतात. पाच मिनिटांत गाडीकडे वळणाऱ्यांना हा दिसत नाही.

बाराच्या आत शामारेल गाठा. धबधबा आणि सात रंगांची माती एकाच आवारात, एकाच तिकिटावर आहेत. आत गेल्यावर आधी धबधब्याचा थांबा येतो, मग गाडीनेच पुढे मातीपाशी जायचं. धबधब्याच्या वरच्या सज्जासाठी थोड्या पायऱ्या आहेत. आई-बाबांना त्या नको असतील तर खालच्या कठड्यावरूनही चांगला दिसतो. मातीभोवती लाकडी कुंपण आणि सपाट वाट आहे, शेजारी महाकाय कासवांचं आवार आहे. दीड तास पुरतो. जेवण शामारेल गावातच उरका, अडीचपर्यंत.

मग किनाऱ्यावरच्या काज नोयालकडे उतरणारा घाट. इथे गाडी लागण्याचा त्रास असणाऱ्यांना जेवल्यावर लगेच नेऊ नका, अर्धा तास बसू द्या. वळणांवर ले मोर्नचा सुळका आणि पांढऱ्याहिरव्या उथळ समुद्रात पडलेलं बेनितिए बेट दिसतं. गाडी थांबवायची तर आखलेल्या थांब्यावरच. साडेतीनच्या सुमाराला ले मोर्नच्या पायथ्याशी पोचाल. तिथे किनाऱ्याजवळ गुलामांच्या स्मृतीचं स्मारक आहे. पळालेल्या गुलामांनी या डोंगराच्या कड्यांत आसरा घेतला होता, म्हणून २००८ मध्ये हा डोंगर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. दिवसाचा शेवट या वाळूवर करा. सूर्य समुद्रात मावळतो. जूनमध्ये पावणेसहाच्या आत, डिसेंबरमध्ये पावणेसातच्या आसपास. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो, अर्ध्या तासात काळोख होतो. परतीला पाऊण तास धरा.

यात आणखी एक ठिकाण घालण्याचा मोह होईल. घालू नका. वाढलेलं प्रत्येक ठिकाण गॉर्जेसच्या अर्ध्या तासातून वेळ खातं.

प्रश्न : आमचं हॉटेल उत्तरेला ग्रां बेला आहे. हाच बेत चालेल?

चालेल, पण साडेसहाला निघालात तरच. तिथून गंगा तलाव सव्वा ते दीड तास, आणि सकाळी साडेसात ते नऊ पोर्ट लुईतून जाणं म्हणजे आणखी अर्धा-पाऊण तास. येताना सूर्यास्तापर्यंत थांबलात तर हॉटेलवर पोचेपर्यंत रात्र होते. बरोबर लहान मुलं असतील तर ले मोर्न सोडा, शामारेलहून परत फिरा.

नाहीतर दुसरा पर्याय घ्या. उत्तरेला राहणाऱ्यांसाठी उत्तरेचाच दिवस आखा : सकाळी पोर्ट लुईत आप्रवासी घाट, दुपारी पांप्लमूसची बाग, आणि वेळ उरला तर जवळच बो प्लांच्या जुन्या साखर कारखान्यातलं संग्रहालय. आप्रवासी घाटावर १८३४ नंतर जवळजवळ पाच लाख मजूर भारतातून करारावर उतरले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही त्यांची निघण्याची बंदरं. ज्या पायऱ्यांवरून ते वर आले त्या सोळा पायऱ्या अजून आहेत. प्रवेश मोफत आहे, पण रविवारी बंद आणि शनिवारी फक्त दुपारपर्यंत. इथेच पुष्कळांचा बेत कोलमडतो. आधी माहिती केंद्रातलं प्रदर्शन बघा, मग पायऱ्यांकडे जा. उलट केलंत तर समोर नुसते दगड दिसतात. पांप्लमूसच्या बागेत महाकाय कमळाचं तळं बघताना फुलाचा रंग पाहा : पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग मिटतं. एकाच तळ्यात दोन्ही दिसली तर कोणतं कालचं ते ओळखता येतं. परातीसारखी मोठी पानं उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्चमध्ये भरात असतात.

प्रश्न : मोबाइलवरचा अंदाज रोज पाऊस दाखवतो. बेत रद्द करायचा का?

अंदाज कोणत्या गावाचा आहे ते आधी बघा. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पठारावर चढतात, गार होतात आणि तिथे पाणी टाकतात. पश्चिम किनाऱ्यावर पोचेपर्यंत ते कोरडे झालेले असतात. म्हणून पठारावरच्या क्युरपीपला छत्री आणि त्याच वेळी फ्लिक आं फ्लाकला लख्ख ऊन हे नेहमीचं चित्र. संपूर्ण बेटासाठी ढगाचं एकच चिन्ह दाखवणाऱ्या अंदाजावरून काहीच ठरवू नका. क्युरपीप आणि ले मोर्न असे दोन वेगळे अंदाज बघा, आणि सकाळी सहाला हॉटेलच्या आवारातून पठाराच्या दिशेला नजर टाका. डोंगरांची माथी मोकळी असतील तर लगेच निघा. झाकलेली असतील तर तासभर थांबा. सकाळचे ढग पुष्कळदा विरतात. दहा वाजेपर्यंत माथी दिसली नाहीत तर क्रम बदला : आधी शामारेल, आणि वर जायचं की नाही ते तिथून बघून ठरवा.

रिमझिम पावसाने बिघडतात त्या फक्त दोन गोष्टी : गॉर्जेसचा देखावा आणि मातीच्या पायवाटा. गंगा तलाव हलक्या धुक्यात उलट छान दिसतो. शामारेलचा धबधबा पावसानंतरच भरतो, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत तो बारीक होतो.

चक्रीवादळाची गोष्ट वेगळी. मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, जोर जानेवारी ते मार्च. इशारे एक ते चार अशा पायऱ्यांनी दिले जातात. पहिला इशारा लागला की डोंगराचा बेत पुढे ढकला, दुसऱ्यावर हॉटेलजवळच राहा. तिसरा लागल्यावर सार्वजनिक वाहतूक बंद होते आणि सगळ्यांनी घरात राहायचं असतं, मग आकाश कितीही निरभ्र दिसो.

प्रश्न : सात रंगांच्या मातीचे फोटो बघितले, प्रत्यक्षात ती फिकट दिसते असं ऐकलं. खरं काय?

दोन्ही खरं. रंग आहेतच. बसाल्ट कुजून त्याची चिकणमाती झाली, विरघळणारे घटक पावसाने वाहून नेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. लोहाचे तांबडे-तपकिरी, ॲल्युमिनियमचे निळसर-जांभळे. पण उजेड कसा पडतो यावर सगळं अवलंबून आहे. ऊन तिरपं असलं की वळ्यांच्या सावल्या पडतात आणि पट्टे वेगळे दिसतात. ऊन डोक्यावर आलं की सगळं एकसारखं विटकरी. बेट २० अंश दक्षिणेला आहे, म्हणून डिसेंबरात दुपारी बाराला सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. जूनमध्ये मात्र भर दुपारीही तो साधारण ४६ अंशांवरच असतो. तेव्हा तिथल्या थंडीत, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये गेलात तर वरचा बेत जसाच्या तसा ठेवा. उन्हाळ्यात गेलात आणि फोटोच महत्त्वाचे असतील तर क्रम उलटा करा : शामारेल उघडता उघडता, साडेआठच्या सुमाराला गाठा आणि तिथून वर पठाराकडे चढा. त्या बदल्यात गॉर्जेसवर ढग भेटण्याची जोखीम वाढते. दोन्ही गोष्टी एकाच दिवसात हमखास मिळत नाहीत, तुम्हाला काय हवं ते ठरवा.

पावसाची सर येऊन गेल्यावर ओली माती सगळ्यात गडद दिसते, तेव्हा सर आली म्हणून गाडीत जाऊन बसू नका. आणि मैदान मोठं असेल अशी कल्पना करून जाऊ नका. कुंपणाभोवती रमतगमत वीस मिनिटांत फेरी होते. चष्म्याला किंवा कॅमेऱ्याला ध्रुवीकरण भिंग (पोलरायझर) असेल तर ओल्या मातीवरची चमक कमी होऊन रंग उठतात.

प्रश्न : ले मोर्न चढायचा आहे. त्याच दिवशी शामारेलही जमेल का?

जमेल, पण चढाई पहाटे आणि शामारेल दुपारी, आणि मग गंगा तलाव या दिवसात नाही.

डोंगर ५५६ मीटरचा. वाट साधारण ५०० मीटरवरच्या क्रुसापर्यंत जाते. पहिला निम्मा भाग रुंद, सोपा रस्ता आहे, तिथे घरातली मुलंही येतील. त्यानंतर हात लावून चढायचे खडक सुरू होतात. असंख्य पावलांनी हे खडक घासून गुळगुळीत झाले आहेत, त्यामुळे ओले असले की चांगले बूटही धरत नाहीत. म्हणून पाऊस पडून गेलेला असेल तर सोप्या भागाच्या टोकापासून परत फिरा. समुद्राचा देखावा तिथूनही पुरेसा मिळतो. जायला-यायला तीन ते चार तास. उजाडताच सुरुवात करा. नऊनंतर वरचा भाग उन्हात तापतो आणि सावली नावाला नाही. माणशी दोन लिटर पाणी, पक्क्या तळव्याचे बूट, हात मोकळे राहतील अशी सॅक. पायथ्याच्या फाटकावर वेळेची नोंद होते, दुपारी उशिरा आत सोडत नाहीत.

उंची न चढता जंगलात चालायचं असेल तर पेत्रिनहून मकाबेची वाट बघा. ती उद्यानातून खाली ब्लॅक रिव्हरच्या बाजूला उतरते, तीन-चार तास लागतात. पण एका टोकाला गाडी सोडून दुसऱ्या टोकाला कोणीतरी घ्यायला हवं. हे आधी न ठरवल्यामुळे दमलेल्या पायांनी परत चढावं लागतं. तांबडी माती ओली असताना उतार फार निसरडा असतो.

प्रश्न : टॅक्सी, भाड्याची गाडी की बस?

या मार्गाला बस नको. गंगा तलाव आणि शामारेलला जाणाऱ्या बसेस विरळ आहेत, एकीची वेळ दुसरीला जुळत नाही. उत्तरेचा दिवस मात्र बसने झकास होतो : पांप्लमूसच्या बसेस पोर्ट लुईच्या इमिग्रेशन स्क्वेअरमधून सुटतात आणि आप्रवासी घाट तिथून चालत काही मिनिटांवर आहे.

टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा. मीटरच्या भानगडीत न पडता आदल्या दिवशी एका कागदावर पाच गोष्टी लिहून दोघांनी मान्य करा : निघण्याची आणि परतीची वेळ, थांब्यांची यादी, एकूण रक्कम मॉरिशस रुपयांत, उशीर झाल्यास ताशी किती, आणि दुकानांचे थांबे नाहीत. शेवटचा मुद्दा आवर्जून लिहा. काही चालक वाटेत कपड्यांच्या आणि जहाजांच्या प्रतिकृतींच्या दुकानांत नेतात, कारण त्यांना तिथे दलाली मिळते. तुमचा पाऊण तास त्यात जातो आणि तोच नेमका सकाळचा, पठारावरचा पाऊण तास असतो.

स्वतः चालवणार असाल तर आपल्यासारखीच डावी बाजू आहे, मूळ परवाना बरोबर ठेवा. पठारावर पेट्रोल पंपाच्या भरवशावर राहू नका, खालूनच टाकी भरून निघा. धुकं आलं तर दिवे लावा, वेग तीसवर आणा. साधारण जून ते डिसेंबर ऊसतोडीचा हंगाम असतो; तेव्हा ऊस लादलेले मोठे ट्रक रस्त्याची दीड बाजू व्यापतात, वळणावर ओव्हरटेक करू नका. शामारेलहून उतरताना गाडी ऑटोमॅटिक असली तरी खालच्या गिअरमध्ये घ्या. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की जळका वास येतो आणि ब्रेक ढिले पडतात. वास आलाच तर बाजूला थांबून पंधरा मिनिटं चाकं गार होऊ द्या, वर पाणी ओतू नका.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. दिवसभर काय खायचं?

उपाशी राहायची वेळ येणार नाही. ढोल पुरी म्हणजे डाळीचं पीठ भरलेली मऊ पोळी, तिच्यात घेवड्याची उसळ, टोमॅटोची चटणी आणि तिखट. ती जोडीने विकतात. एक मागितली तरी दोन हातात येतात. भोजपुरी मजुरांबरोबर गेलेला हा पदार्थ आज बेटावर सगळ्याच समाजांचा झाला आहे. सकाळी निघताना गाड्यावरून घेतलीत तर अकराच्या भुकेला उपयोगी पडते. गातो पिमां ही डाळीची भजीही शाकाहारी. शामारेलच्या खाणावळींत माशांचा आणि मांसाचा बोलबाला आहे, तिथे आल्याआल्या शाकाहारी जेवण सांगून ठेवा, ऐनवेळी सांगितलं तर तासभर जातो. भारताचं यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये सुरू झालं आहे, पण गाड्यावर सुट्टी नोटच चालते.

प्रश्न : परतीचं विमान रात्री आहे. शेवटच्या दिवशी अर्धा दिवस हातात आहे. मुलांना प्राणी-पक्षी दाखवायचे आहेत.

विमानतळ आग्नेयेला आहे आणि तुमच्या कामाची जागा त्याच बाजूला, माएबूरजवळ : इल ओ एग्रेत. २६ हेक्टरचं हे बेट १९६५ पासून राखीव आहे आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते सांभाळतं. प्वांत जेरोमहून होडीने काही मिनिटांत पोचता येतं, फेरी वाटाड्याबरोबरच होते, एकूण दोन तास धरा. जागा मोजक्या असतात, आधी आरक्षण करा आणि सकाळची फेरी घ्या. उन्हं चढली की पक्षी गप्प होतात.

प्राणिसंग्रहालयाची अपेक्षा मुलांच्या डोक्यातून आधी काढा, कारण पिंजरा नाही. गुलाबी कबुतर दिसेल. १९९०च्या सुमाराला मोकळ्या जंगलात ते जेमतेम दहा उरले होते. पैदास करून आणि बाहेरून आलेल्या उंदरांचा व मांजरांचा बंदोबस्त करून त्यांची संख्या काही शेकड्यांवर आणली गेली. मॉरिशसच्या छोट्या ससाण्याची कथा तर याहून बिकट : १९७४ मध्ये माहीत असलेले फक्त चार होते. तो इथे दिसेलच असं नाही, त्याला गॉर्जेसच्या दरीत शोधा.

मुलांना सगळ्यात जास्त आवडतात ती वाटेवर आडवी येणारी अल्दाब्रा जातीची महाकाय कासवं. ती इथली मूळची नाहीत. इथली कासवं माणसांनी खाऊन संपवली. त्यामुळे टेंभुर्णीच्या कुळातल्या एबनी झाडांची फळं खाऊन बिया लांब नेणारं कोणी उरलं नाही, आणि त्या झाडांची रोपं आईच्या सावलीतच अडकली. म्हणून सेशेल्समधून दुसऱ्या जातीची कासवं आणली आणि त्यांना ते काम दिलं. कासवाच्या लेंडीतून उगवलेलं रोप वाटाड्याला दाखवायला सांगा. काम चाललं आहे याचा तो पुरावा, आणि बोटाएवढं रोप मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरच असतं.

बंद बूट घाला, तळ खडबडीत प्रवाळाचा आहे. डासांचं मलम लावा. मलेरिया नाही, पण डेंग्यू अधूनमधून असतो.

प्रश्न : दक्षिणेला ग्री ग्रीचा किनारा सुंदर आहे म्हणतात. पोहता येईल?

नाही. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याला तिथे खिंड आहे, त्यामुळे उघड्या समुद्राची लाट थेट किनाऱ्याच्या कड्यावर आपटते आणि परत जाणाऱ्या पाण्याची ओढ फार आहे. बघायला जरूर जा, कड्याच्या टोकावर उभे राहू नका. पोहायचं तर दुसरीकडे, प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, आणि पायात रबरी बूट घालून. तळाशी दगडमासा असतो, त्याचा काटा विषारी आहे.

प्रश्न : संध्याकाळी सेगा नाच बघायचा आहे. हॉटेलातला घ्यावा का?

वेळ नसेल तर घ्या, पण तो रंगीत झग्यांचा, ध्वनिवर्धकांवरचा कार्यक्रम असतो. पारंपरिक सेगा २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आला. त्याची ओळख म्हणजे रावान, बकऱ्याच्या कातड्याचा मोठा चपटा डफ. वाजवण्याआधी तो जाळाजवळ धरून तापवतात. दमट हवेत कातडं सैल पडतं, शेकलं की ताणलं जातं आणि आवाज खणखणीत होतो. जाळ पेटवलेला दिसला आणि कोणी डफ शेकत बसलेलं असलं तर तिथे थांबा. नाचताना पाय जमिनीवरून उचलले जात नाहीत, घासत सरकतात. कमरेची हालचाल बघा. शनिवार-रविवारी सार्वजनिक किनाऱ्यांवर सहलीला आलेली कुटुंबं स्वतःसाठीच वाजवत असतात. लांबून ऐका, बोलावलं तर जा.

प्रश्न : तिथल्या मराठी समाजाचा गणेशोत्सव पाहायचा आहे. तारखा कशा जुळवायच्या?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर एक दिवसाने चुकाल. मॉरिशसची गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते : २०२३ मध्ये २० सप्टेंबर, २०२४ मध्ये ८ सप्टेंबर, २०२५ मध्ये २८ ऑगस्ट. प्रतिष्ठापना चतुर्थीलाच होते, आणि सुट्टीच्या दिवशी मिरवणुका निघून नदीत किंवा समुद्रात विसर्जन होतं. घरातली पूजा-आरती अनुभवायची तर आदल्या दिवशी, मिरवणूक बघायची तर सुट्टीच्या दिवशी. दुपारनंतर पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यांवर मिरवणुकांमुळे थांबावं लागतं, म्हणून त्या दिवशी गंगा तलाव-शामारेलचा बेत ठेवू नका.

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांचे वंशज आज पाचव्या-सहाव्या पिढीत आहेत. शाळांमध्ये मराठी शिकवली जाते, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचा विभाग आहे. तरी घरात आणि रस्त्यावर बहुतेकांची भाषा क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली असते. आरती शब्दन्शब्द पाठ असते, गप्पा मात्र अडखळतात. तेव्हा भरभर मराठी बोलून समोरच्याला अवघडून टाकू नका, सावकाश बोला, इंग्रजीची मदत घ्या. घरच्या गणपतीला जायचं तर आधी विचारून, आणि जाताना हार-फळं घेऊन.

महाशिवरात्रीच्या आसपासचे चार-पाच दिवस मात्र वेगळेच. लाखो लोक कावड घेऊन पायी गंगा तलावाकडे निघतात, वरचे रस्ते माणसांनी भरतात आणि गाडीला तासन्तास लागतात. यात्रा बघायलाच जायचं असेल तर सरकारने सोडलेल्या बसने किंवा चालत जा, पाठीवर हलकं सामान, पायात वापरून सवयीचे झालेले बूट. वाटेवर मंडळं पाणी आणि जेवण देतात, ते नाकारू नका. नुसतं शामारेल बघायचं असेल तर त्या दिवसांत काज नोयालच्या बाजूने वर या आणि त्याच बाजूने उतरा.